डबा काढायच्या आधी

हार्लन स्ट्राउडच्या हातात कसब आहे असं गल्लीतले लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. त्याचं डोकं मात्र फिरकं आहे, हे पाठीमागे म्हणायचे. दोन्ही खरं होतं. ऑइलडेलच्या त्या गल्लीत मोठ्या इंजिनाची एकही जुनी गाडी अशी नव्हती की जिच्या पोटाखाली तो पाठीवर झोपला नव्हता. धूर कमी व्हावा म्हणून सरकारने गाडीवर जे जे चढवायला लावलं, ते ते हार्लनने उतरवलं. "माणसाच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर म्हणायचं, पळ आता," असं तो म्हणायचा. धुराच्या नळीत बसवलेला, उरलासुरला धूर जाळणारा तो पोलादी डबा कापायचा आणि तिथे सरळ नळी घालायची. हवेचा पंप काढायचा. धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या झडपेची नळी लोखंडी गोळी कोंबून बंद करायची. कार्बुरेटरमध्ये मोठ्या भोकाचे जेट बसवायचे, म्हणजे पेट्रोल भसाभसा आत जातं. एवढं झालं की दहा वर्षांची म्हातारी गाडी गुरगुरायला लागायची आणि मालकाची छाती फुगायची. त्यातली अर्धी ताकद नुसती कानात असायची, पण हे हार्लनला कोण सांगणार? सांगणाऱ्याला दात सांभाळावे लागले असते.

आता कॅलिफोर्नियात राहायचं तर दर दोन वर्षांनी धुराची तपासणी आलीच. तपासनीस गाडीखाली वाकून बघतो, मागच्या नळीत यंत्राची दांडी घालून धूर मोजतो आणि नापास केलं की नंबरप्लेटवरचं स्टिकर मिळत नाही. त्यावर गल्लीने तोड काढली होती. सगळ्या गल्लीत मिळून एकच चांगला डबा ठेवला होता. एक डबा, एक पंप आणि बारीक जेटचा एक संच. हे सगळं हार्लनच्या शेडमध्ये असायचं. ज्याची तपासणी जवळ आली, त्याच्या गाडीवर हार्लन ते चढवायचा, गाडी पास होऊन आली की उतरवायचा आणि पुढच्याच्या गाडीवर चढवायचा. कुठल्याही गाडीला बसावा म्हणून त्याने डब्याची तोंडं स्वतः वेल्डिंग करून घेतली होती. डब्याच्या अंगावरचा पोचा तपासनिसाच्या एव्हाना ओळखीचा झाला असणार. पण त्याचा मेहुणाच त्या गल्लीत राहत होता, तेव्हा तो कशाला बोलतोय.

या कारभारात हार्लनचा एकच नियम होता आणि त्यात तो कुणाला माफी देत नसे. डबा आणि पंप गाडीवर असताना मोठे जेट घालून गाडी चालवायची नाही. आधी डबा काढायचा, मगच गाडी सुरू करायची. जास्तीचं पेट्रोल न जळता डब्यात जातं, वरून पंप तिथे हवा फुंकतो, आणि डबा भट्टीसारखा लाल होतो. शेजारच्या फ्लॉइडने एकदा हा शहाणपणा केला होता. त्याच्या पायाखालचा गालिचा जळला, आणि वर हार्लनने त्याच्या कानाखाली अशी दिली की तो आठवडाभर एका बाजूनेच ऐकत होता.

१९८७ सालच्या ऑगस्टमध्ये हार्लनच्या स्वतःच्या गाडीची पाळी आली. सकाळी गाडी पास झाली. तो घरी आला, पण नळ्या इतक्या तापल्या होत्या की डब्याला हात लावायची सोय नव्हती. मग तो निवेपर्यंत त्याने वरचं काम उरकून घेतलं, म्हणजे कार्बुरेटर उघडून मोठे जेट बसवले. सगळे असंच करायचे. गाडी सुरू केली नाही म्हणजे झालं. तो हात पुसत उभा होता आणि आत मॅक्सीन, त्याची बायको, तव्यावर बलोनीचे, म्हणजे जाड सॉसेजचे, काप परतत होती, तेवढ्यात फोन वाजला.

फोन म्हाताऱ्याचा होता. हार्लनचा बाप ईनॉक. सगळा जन्म तेलाच्या विहिरींवर घालवून त्याची फुप्फुसं आता कामातून गेली होती. एक वाक्य बोलायचं तर तो मध्ये दोनदा थांबायचा. धाकटा भाऊ डेव्ही डोंगरावर ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहायचा, त्याच्याकडे म्हातारा असायचा. हार्लनने हजारदा म्हटलं होतं, माझ्याकडे या. म्हातारा यायचा नाही. तरुणपणी त्याने दोन्ही पोरांना गाडीच्या पंख्याच्या पट्ट्याने सोलून काढलं होतं, पण डेव्हीला मारून झालं की जवळ घ्यायचा, हार्लनला घ्यायचा नाही. काही बापांचं असं असतं. हार्लनला ते आतून खात होतं आणि चौतिसाव्या वर्षी त्याला हे कबूल करायची लाज वाटत होती.

"हार्लन," म्हातारा म्हणाला. मग नुसता श्वास. "ये. मला घेऊन जा."

"काय झालं, डॅडी?"

"दात पडला आज."

"पडला की पाडला?"

फोनमध्ये म्हाताऱ्याची छाती वाजत होती. "बाटली लपवली मी त्याची," तो म्हणाला. "तू ये. पण भांडू नकोस."

हार्लनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने रिसीव्हर असा आपटला की मॅक्सीन उलथणं घेऊनच बाहेर आली.

"कुठे निघालास?"

"डेव्हीने डॅडींना मारलंय."

"मग मी शेरीफला फोन लावते. तू बस इथे."

"माझ्या घरातलं मी बघतो."

"गेल्या वेळी बघितलंस तेव्हा तुरुंगातून आणायला मी आले होते. आठवतंय ना? हार्लन, म्हातारा माणूस आणायला जायचं तर डोकं थंड करून जा. निदान पोटात काही घाल."

"डोकं थंडच आहे माझं!" तो ओरडला आणि दार लाथेने उघडून बाहेर गेला.

बॉनेट आपटताना त्याला डबा दिसला नाही, तो खाली होता. पण तो तिथे आहे हे त्याला माहीत होतं. खोटं कशाला बोला, पक्कं माहीत होतं. गल्लीतल्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला किल्लीवरचा हात पिरगळून खाली ओढलं असतं. डबा काढायला आणखी थोडा वेळ लागला असता आणि तेवढा वेळ थांबायचं म्हणजे रागाला थांबायला सांगायचं. रागाने माणसाचं कधी ऐकलंय? त्याने किल्ली फिरवली.

नदी ओलांडून, तेलाचे पंप मागे टाकून गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली, तसा त्याने पाय तळाला नेला आणि तो उचललाच नाही. गाडी चढ खात होती. त्याच्या मनात एकच चित्र होतं, आपली मूठ आणि डेव्हीचं तोंड. हात शिवशिवत होते. मध्येच तापलेल्या डब्यातून सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. टाचेखालचा पत्रा बुटातून चटके द्यायला लागला. त्याने पाय जरा बाजूला घेतला आणि पुढे चालला. त्याला बापाला वाचवायचं होतं असं तो स्वतःला सांगत होता. त्यात खरं होतंच. पण त्याच्या पोटात एक आनंदही होता. इतक्या वर्षांनी डेव्ही एकदाचा हातात सापडला होता, आणि बापाच्याच परवानगीने.

डेव्हीच्या अंगणात जायचा खडीचा रस्ता अडलेला होता. त्याचा पिकअप एक चाक काढून, जॅकवर उचललेला, तसाच आडवा पडला होता. हार्लनने शिवी हासडली आणि स्टिअरिंग फिरवून गाडी सरळ गवतात घातली. तिकडच्या हिवाळी पावसानंतर मेलेलं, गुडघाभर, पिवळं, कडकडीत वाळलेलं गवत. त्या उन्हात त्यावर कुणी विडीसुद्धा झटकली नसती. तो उतरला आणि त्याने मागे बघितलंही नाही.

चढावर ट्रेलर होता. खालच्या पायरीवर डेव्ही बनियनवर बसला होता. एकतीस वर्षांचा, हार्लनपेक्षा उंच, आईसारखं गोरं तोंड, आणि दुपारीच पिऊन डोळे लाल.

"आले! गल्लीचे मेस्त्री आले!" डेव्ही म्हणाला. "काय रे, तुझी रणगाडी लांबूनच ऐकू येते. अख्ख्या डोंगराला कळलं साहेब येतायत."

"डॅडी कुठायत?"

"आत. झोपलेत. तुला कुणी बोलावलं?"

"त्यांनीच."

डेव्हीचं हसू मावळलं. त्याने मान वळवून दाराकडे बघितलं. दारात म्हातारा उभा होता, चौकटीला धरून. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता, आणि गालावर एक जुना, हिरवट पडलेला डाग होता. म्हणजे आजचं हे पहिलं नव्हतं.

"फोन केलात?" डेव्हीने विचारलं. "माझ्याच घरातून माझ्याच फोनवरून?"

"डॅडी, सामान घ्या," हार्लन म्हणाला. "चला."

"कुठे चला?" डेव्ही उठला. "मी हगणंमुतणं काढतो त्यांचं. मी! तू नाताळला येतोस, हॅम खातोस आणि जातोस. आणि आज आलास मालक होऊन?"

"दात पाडून सेवा करतोस का रे, हरामखोर?"

"तुला काय वाटतं, ते तुझ्याकडे राहतील? त्यांना तू आवडत नाहीस. कधीच नाही आवडलास. विचार त्यांना. विचार ना, समोरच आहेत!"

हार्लनने विचारलं नाही. त्याने मारलं. नाकावर. हाड मोडल्याचं त्याला मुठीत कळलं आणि ते इतकं बरं वाटलं की त्याने लगेच दुसरा ठोसा घातला. डेव्ही पायरीवर आदळला, तिथून उठून बैलासारखा अंगावर आला, आणि दोघेही उतारावरून लोळत पिकअपपर्यंत गेले. डेव्हीने त्याच्या कानाचा लचका तोडला. हार्लनने त्याच्या डोळ्यात अंगठा घातला. खडीने दोघांच्या पाठी सोलल्या. चाकाशी पडलेला पाना डेव्हीच्या हाताला लागला आणि त्याने तो हार्लनच्या भुवईवर हाणला. सगळं लाल झालं. रक्त डोळ्यांत, तोंडात. दुसरा घाव खांद्यावर बसला आणि डावा हात मेला.

वरून म्हातारा काहीतरी ओरडत होता. त्याचं ओरडणं म्हणजे शिट्टीएवढा आवाज. ऐकतो कोण?

जॅकचा दांडा खाली पडला होता. हार्लनने तो उजव्या हातात घेतला. डेव्ही तिसऱ्यांदा पाना उगारून आला तेव्हा हार्लन खाली वाकला आणि त्याने सगळ्या अंगाचं बळ लावून दांडा त्याच्या गुडघ्यावर मारला. फांदी मोडावी तसा आवाज झाला. डेव्ही पडला. पाना त्याच्या हातून सुटला. भांडण तिथे संपलं होतं. तरी हार्लनने दांडा पुन्हा उचलला आणि त्याच गुडघ्यावर दुसऱ्यांदा मारला. पहिला घाव जीव वाचवायला होता, हा कशासाठी होता ते त्याचं त्याला ठाऊक.

"आता ऊठ," तो धापा टाकत म्हणाला. "ऊठ की! मार त्यांना. मार ना आता!"

डेव्ही किंचाळत होता. हार्लन त्याच्याकडे बघत उभा होता आणि त्याला अजून मारावंसं वाटत होतं. मग त्याला ते शिट्टीएवढं ओरडणं ऐकू आलं.

"आग! अरे, आग!"

तो वळला. गाडीच्या पोटाखालून ज्वाळा दोन्ही बाजूंनी बाहेर येत होत्या. दारं, टायर, सगळं धुरात गेलं होतं. आणि आग गाडीपाशी थांबली नव्हती. दुपारचा वारा खालून वर वाहतो. गवताची एक रुंद, चरचरणारी रांग पेटत चढावर येत होती, पिकअपच्या दिशेने, ट्रेलरच्या दिशेने. काय झालं ते हार्लनला त्याच क्षणी कळलं. जगात त्याच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

"हार्लन," डेव्ही म्हणाला. आता शिवी नव्हती, माज नव्हता. "पाय गेलाय माझा. मला उठव."

आग डेव्हीच्या जवळ होती. म्हातारा लांब होता, वर, दारात, आणि दोन पायांवर उभा होता. कुणाही शहाण्या माणसाने आधी डेव्हीला उचललं असतं. एक हात कामातून गेला असला तरी काखेत घालून ओढता आला असता. हार्लनने डेव्हीकडे बघितलं. नीट बघितलं. आणि त्याच्याकडे पाठ करून तो चढ चढला.

"आधी त्याला!" म्हातारा म्हणाला. त्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आधी... त्याला!"

"मी तुम्हाला न्यायला आलोय!"

"मला नको! पोराला घे!"

"त्यानेच मारलं ना तुम्हाला? त्यानेच ना?" हार्लन ओरडत होता आणि चौकटीवरून म्हाताऱ्याचं एकेक बोट सोडवत होता. म्हातारा उरलेल्या दातांनी त्याच्या मनगटाला चावला. हार्लनने त्याला तसंच खांद्यावर टाकलं. केवढंसं वजन ते! म्हातारा त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होता. त्याच्यात एवढी ताकद उरली असेल असं कुणाला वाटलं नसतं. ट्रेलरच्या मागे, उताराच्या पलीकडे, कोरड्या ओढ्याची वाळू होती. तिथे जळायला काही नव्हतं. हार्लनने त्याला वाळूत ठेवलं आणि तो परत धावला.

चढाच्या माथ्यावर पोचला तेव्हा पिकअप पेटला होता. डेव्ही कोपरांवर सरपटत निम्म्या वाटेपर्यंत आला होता. त्याने वर बघितलं, भावाला बघितलं आणि हात पुढे केला. हार्लन आगीत शिरला. त्याचा शर्ट पेटला. त्याने हात लांब केला, आणि दोघांच्या बोटांत एखाद्या गाडीच्या लांबीएवढं अंतर असताना वारा वळला. मग सगळं नारिंगी झालं. डेव्हीचा आवाज ऐकू येत होता. मग ट्रेलरची गॅसची टाकी फुटली, तिच्या धक्क्याने हार्लन मागे फेकला गेला, आणि त्यानंतर आवाज आला नाही.

तो वाळूत परत आला तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं नाही. म्हातारा धुराकडे बघत होता. अग्निशमनवाले येईपर्यंत तो तसाच तिकडे बघत होता.

दवाखान्यात हार्लनच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. भुवईला टाके पडले. मॅक्सीन आली आणि रडत त्याचा दंड धरून बसली. शेजारच्या खाटेवर ईनॉक नाकाला प्राणवायूची नळी लावून पडला होता. शेरीफचा माणूस आला, टोपी काढली, खुर्ची ओढली. आग कुठून लागली ते तज्ज्ञांनी एव्हाना शोधलं होतं. गाडीखालचा डबा आतून वितळला होता.

"गाडी तुमची?"

"हो."

"हा प्रकार कसा झाला, काही सांगता येईल?"

हार्लनने सगळं सांगितलं. जेट, पंप, डबा, गवत. गुडघा सांगितला. दुसरा घावही सांगितला. त्याने काही लपवलं नाही. मॅक्सीन मध्येच म्हणाली, "साहेब, तो बापाला सोडवायला गेला होता हो. धाकटा बापाला मारायचा. त्यांच्या तोंडाकडे बघा ना!"

शेरीफच्या माणसाने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. सुजलेला ओठ बघितला, गालावरचा हिरवा डाग बघितला. तो खाटेवर वाकला. "मिस्टर स्ट्राउड, हे कुणी केलं?"

म्हाताऱ्याने नाकावरची नळी खाली ओढली. त्याला बोलायला वेळ लागला.

"ह्याने," तो म्हणाला आणि त्याने बोट हार्लनकडे केलं.

"डॅडी!" मॅक्सीन उठलीच. "काय बोलताय? तुम्हीच फोन केलात ना! मी होते तिथे! तुम्ही सांगितलंत की डेव्ही..."

"डेव्हीने," म्हातारा म्हणाला, थांबला, श्वास घेतला, "माझ्या अंगाला कधी बोट लावलं नाही. चांगलं पोरगं होतं. कधीच नाही लावलं."

शेरीफचा माणूस हार्लनकडे वळला. जुना डाग आजचा नाही हे त्यालाही दिसत होतं, आणि मोठा भाऊ कधीतरीच येतो हे चार लोकांना विचारून त्याला कळलं असतं. त्याने हार्लनला संधी दिली. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

म्हणायचं तर खूप होतं. मॅक्सीन त्याचा दंड हलवत होती, "सांग ना रे, बोल ना!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, आणि त्या डोळ्यांत हार्लनसाठी काही नव्हतं. रागसुद्धा नव्हता. एका पोराला त्याने गमावलं होतं आणि त्याच्याजवळ आता त्या पोराचं नाव तेवढं उरलं होतं. ते तो कुणाला मळवू देणार नव्हता.

"हो," हार्लन म्हणाला. "मीच मारायचो."

मॅक्सीनने त्याचा दंड सोडला. म्हाताऱ्याने नळी पुन्हा नाकाशी नेली, पण ती नीट बसेना. हार्लनने ती बसवायला पट्ट्या बांधलेला हात पुढे केला, तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.